फ्रिक्वेन्सी बदलून परत आलं की फेज हरवतो : डीडीएसचा नेहमीचा त्रास, खरी कारणं आणि उपाय

डीडीएस म्हणजे आकड्यांवरून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वेव्ह बनवणारी चिप. तिचा हा त्रास मी आतापर्यंत चार-पाच बोर्डांवर पाहिलाय आणि दर वेळी सुरुवात सारखीच असते. स्कोपवर साइन वेव्ह एकदम स्वच्छ दिसते, मीटरवर फ्रिक्वेन्सी बरोबर येते, पण एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जाऊन परत आलं की फेजचं, म्हणजे वेव्ह तिच्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे याचं, रीडिंग दर वेळी नवीनच. मग माणूस आधी कॉइल बदलतो, मग ॲम्प्लिफायर बदलतो, ग्राउंडिंग करून बघतो, आणि चूक असते ती फ्रिक्वेन्सी बदलण्याच्या पद्धतीत. म्हणून या वेळी सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतोय.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. भंगारातले धातूचे तुकडे ओळखायचे होते, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वगैरे. एका कॉइलला साइन वेव्ह द्यायची, तुकडा जवळ आणला की दुसऱ्या कॉइलमधल्या सिग्नलचा ॲम्प्लिट्यूड आणि फेज दोन्ही बदलतात, आणि धातू कुठला हे सांगण्यात फेजचा वाटा मोठा. एकाच फ्रिक्वेन्सीवर जाडी आणि धातू यांची गल्लत होते, म्हणून दोन घेतल्या, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ. तांब्यात १ किलोहर्ट्झचा करंट साधारण २.१ मिलिमीटर खोल जातो आणि १० किलोहर्ट्झचा ०.६६ मिलिमीटरच, म्हणजे एक आतलं सांगते आणि दुसरी सालीचं. १० मिलिसेकंद ही, १० मिलिसेकंद ती, असं आळीपाळीने चालू. सिग्नल बनवायला एडी ९८३३ या डीडीएस चिपचं २५ मेगाहर्ट्झ क्लॉकचं मॉड्यूल, आणि फेज मोजायला कंट्रोलरमध्ये १ आणि १० किलोहर्ट्झचा रेफरन्स, जो बोर्ड चालू झाल्यापासून न थांबता मोजत राहतो.

पहिला त्रास आला तो ॲम्प्लिफायरमध्ये. दर १० मिलिसेकंदांनी सिग्नलला एक झटका, त्यानंतर ॲम्प्लिफायर एक-दोन मिलिसेकंद नुसता थरथरतोय. कारण सापडायला वेळ लागला नाही, आम्ही जी तयार लायब्ररी घेतली होती ती दर वेळी फ्रिक्वेन्सी बदलताना आधी कंट्रोल रजिस्टरमध्ये हेक्स २१०० लिहायची, मग फ्रिक्वेन्सीचे दोन शब्द, मग फेज, मग हेक्स २०००. त्या २१०० मध्ये रीसेटचा बिट असतो. रीसेट झालं की आतला फेज ॲक्युम्युलेटर, म्हणजे वेव्ह कुठवर पोचली ते मोजणारा आकडा, शून्यावर जातो आणि आउटपुट मधल्या पातळीवर येऊन बसतं, म्हणजे साइन वेव्ह टोकावर असताना रीसेट आलं तर ती तिथूनच खाली आदळते. हीच पद्धत नेटवरच्या कितीतरी आर्डुइनो प्रोग्रॅममध्ये दिसेल, आणि एकदाच फ्रिक्वेन्सी सेट करून सोडून द्यायची असेल तर तिच्यात काहीच गैर नाही, पण पटापट बदलायची असेल तर ती चालत नाही.

उपाय सोपा होता. एडी ९८३३ मध्ये फ्रिक्वेन्सीची दोन रजिस्टर असतात, एकात १ किलोहर्ट्झ, दुसऱ्यात १० किलोहर्ट्झ आधीच भरून ठेवायचं आणि नंतर फक्त एफ-सिलेक्टचा बिट उलटसुलट करायचा, रीसेटला हात लावायचा नाही. दोनपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी असतील तर जे रजिस्टर चालू नाही त्यात नवीन किंमत लिहायची आणि मग त्यावर जायचं. बी-२८ चा बिट १ ठेवा आणि दोन्ही शब्द लागोपाठ पाठवा, मग चिप २८ बिट पूर्ण आल्यावरच एकदम घेते, अर्धवट फ्रिक्वेन्सी मध्येच बाहेर पडत नाही. एवढं केलं आणि झटका गेला, वेव्ह जिथे होती तिथूनच नवीन वेगाने पुढे जायला लागली. आम्हाला वाटलं संपलं काम.

आणि फेजची रीडिंग आधीपेक्षा जास्त बिघडली.

आता इथेच सगळी गोम आहे, आणि मला जे सांगायचंय ते हेच. फेज तुटू न देणं ही एक गोष्ट आणि फेज कोहेरंट ठेवणं ही दुसरी गोष्ट. पहिल्यात बदलाच्या क्षणी वेव्ह तुटत नाही एवढंच. दुसऱ्यात तुम्ही १ किलोहर्ट्झ सोडून १० वर गेलात आणि परत १ वर आलात तर वेव्ह नेमकी तिथे सापडली पाहिजे जिथे ती असती जर तुम्ही मध्ये कुठे गेलाच नसतात. तबला ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल, वादक मधेच दुप्पट-चौपट लयीत जातो, हात कुठेही अडखळत नाही, पण परत येताना समेवर आला नाही तर सगळी मैफल माना वर करून बघते. हात न अडखळणं वेगळं आणि समेवर येणं वेगळं. डीडीएसचा ॲक्युम्युलेटर हात अडखळू देत नाही, पण सम तो मोजत नाही. त्याला फक्त आत्ताचा आकडा माहीत असतो आणि दर क्लॉकला त्यात किती मिळवायचं ते.

किती चुकतो हे काढता येतं. १० किलोहर्ट्झवर जितका वेळ घालवला त्याला दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकाने गुणायचं, आमचा फरक ९००० हर्ट्झ. १० मिलिसेकंद थांबलो तर ९० पूर्ण फेरे, पूर्ण फेरे म्हणजे परत त्याच जागी, म्हणजे कागदावर तरी आम्ही नशिबाने कोहेरंट होतो. पण आम्ही थांबत होतो साध्या टायमिंग लूपने. त्यात इंटरप्ट आला, चिपला आकडे पाठवणाऱ्या एसपीआय लाइनला थोडा वेळ लागला, की १० मायक्रोसेकंद इकडचे तिकडे सहज होतात, आणि ९००० गुणिले १० मायक्रोसेकंद म्हणजे ०.०९ फेरा म्हणजे ३२ अंश! आर्डुइनो उनोवर मायक्रोसेकंद मोजायचं फंक्शनच ४-४ च्या पायऱ्यांनी चालतं, ती एक पायरी म्हणजे १३ अंश. आणि हे चुकणं साठत जातं, कारण पुढचा फेरा आधीच्या चुकीवरूनच सुरू होतो. लायब्ररी रीसेट मारत होती तेव्हा निदान ॲक्युम्युलेटरमध्ये चूक साठत तरी नव्हती, दर वेळी शून्यापासून सुरुवात होत होती, म्हणून तेव्हाची रीडिंग बरी होती. झटका काढला आणि तो आधार पण काढला.

मग टायमिंग हार्डवेअर टायमरवर घेतलं. रीडिंग स्थिर झाली. त्याच दिवशी मी ॲम्प्लिफायरला बसायला थोडा जास्त वेळ द्यावा म्हणून १० चे १०.५ मिलिसेकंद केले आणि सिग्नल गायबच झाला, सरासरी काढली की शून्य. कॉइलची वायर तुटली असं समजून आम्ही दोघांनी अर्धा तास मल्टीमीटर लावून कनेक्टर तपासले. ९००० गुणिले १०.५ मिलिसेकंद म्हणजे ९४.५ फेरे. तो अर्धा फेरा म्हणजे १८० अंश, म्हणजे एक बर्स्ट (एका फ्रिक्वेन्सीचा एक तुकडा) सरळ, पुढचा उलटा, त्याच्या पुढचा परत सरळ, आणि १०० बर्स्टची सरासरी घेतली की एकमेकांना खाऊन टाकतात. वायर शाबूत होती.

परत १० वर आलो. आता दर बर्स्टला रीडिंग बरं, पण हळूहळू सरकतंय. हे सरकणं दोन ठिकाणांहून येतं आणि ते वेगळं ओळखायला शिका. एक, क्लॉक वेगळी असणं. मॉड्यूलचा ऑसिलेटर वेगळा, कंट्रोलरचा क्रिस्टल वेगळा, दोघांत १० पीपीएम (दहा लाखात दहा) फरक असला तरी १ किलोहर्ट्झवर १०० सेकंदात पूर्ण ३६० अंश फिरतो आणि १० किलोहर्ट्झवर १० सेकंदातच. याला सॉफ्टवेअरमध्ये इलाज शोधत बसू नका, एकाच ऑसिलेटरवरून दोघांना क्लॉक द्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत, ते सगळे मिळून एक दुर्बीण होतात ते प्रत्येक अँटेनापर्यंत एकच रेफरन्स फायबरवरून पोचवला जातो म्हणून, तिथे प्रत्येकाने आपापलं घड्याळ वापरलं असतं तर काहीच जुळलं नसतं. आपल्या टेबलावरच्या दोन बोर्डांनाही नियम तोच.

दुसरं कारण राउंडिंगचं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २५ मेगाहर्ट्झ भागिले २ चा २८ वा घात म्हणजे ०.०९३ हर्ट्झची एक पायरी. १ किलोहर्ट्झसाठी आकडा येतो १०७३७.४१८, रजिस्टरमध्ये जातो १०७३७, म्हणजे खरी फ्रिक्वेन्सी ९९९.९६१ हर्ट्झ. १० किलोहर्ट्झची खरी ९९९९.९८३. फरक ९००० नाही, ९०००.०२२. १० मिलिसेकंदात ९०.०००२२ फेरे, म्हणजे १ वरून १० ला जाऊन परत येण्याच्या दर फेरीला ०.०८ अंश, काहीच नाही वाटतं ना? पण सेकंदाला ५० फेऱ्या, सेकंदाला जवळजवळ ४ अंश, दीड मिनिटात पूर्ण गोल. आणि तुमचा रेफरन्स जर चोख १००० हर्ट्झचा असेल तर ९९९.९६१ मुळे सेकंदाला १४ अंशांची वेगळी चूक उलट दिशेने, दोन्ही मिळून सेकंदाला १० अंश. आमच्याकडे क्लॉक एक केल्यावरही नेमकं एवढंच सरकत होतं, आणि आकडा जुळला तेव्हा मला खरंच फार बरं वाटलं, कारण आता नशिबावर काहीच उरलं नव्हतं.

याला एक जुना पण छान उपाय आहे, क्लॉकच दोनच्या घाताचं घ्यायचं. ४.१९४३०४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बाजारात सहज मिळतो, तो आकडा म्हणजे २ चा २२ वा घात. त्याच क्रिस्टलच्या ऑसिलेटरवर एडी ९८३३ चालवली तर एक पायरी बरोबर १/६४ हर्ट्झ, १ किलोहर्ट्झला ६४००० आणि १० ला ६४००००, राउंडिंग शून्य. क्रिस्टल स्वतः थोडा पुढेमागे असेल, पण दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात पुढेमागे होतील, आणि थांबायचा वेळही त्याच क्लॉकवरून, फरक गुणिले वेळ पूर्ण फेरे येतील असाच मोजला तर बेरीज कायम जुळते (१० मिलिसेकंद या क्लॉकच्या पूर्ण ठोक्यांत बसत नाहीत, तेवढं बघा).

तुमच्या बोर्डावर नेमकं काय बिघडलंय हे ओळखायला मी एकच टेस्ट वापरतो. स्कोपचा ट्रिगर रेफरन्सच्या स्क्वेअर वेव्हवर लावा, दुसऱ्या चॅनलवर डीडीएसचं आउटपुट, आणि पर्सिस्टन्स इन्फिनिट करा, म्हणजे जुन्या रेघा पुसल्या जात नाहीत. फक्त १ किलोहर्ट्झचा बर्स्ट दिसेल एवढा भाग पकडा. एकच बारीक रेघ दिसली तर तुम्ही कोहेरंट आहात. दोन रेघा एकमेकींच्या आरशात, तर अर्ध्या फेऱ्याचा घोळ. तीन-चार ठरावीक रेघा असतील तर थांबायचा वेळ आणि फरक यांचा गुणाकार तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने अडकलाय. सगळा पट्टा भरून गेला पण चालू रेघ सावकाश एकाच दिशेने सरकताना दिसतेय, तर राउंडिंग नाहीतर वेगळी क्लॉक. आणि रेघ इकडून तिकडे उड्याच मारतेय तर टायमिंगचा जिटर, म्हणजे वेळ दर वेळी थोडा कमीजास्त होणं. पाच मिनिटांची टेस्ट आहे, कोडला हात लावायच्या आधी ही करा.

सॉफ्टवेअरमध्ये स्वतः साइन वेव्ह बनवत असाल, म्हणजे एनसीओ, तर तुम्ही जास्त सुखी आहात, कारण कोहेरंट राहणं तिथे एका ओळीचं काम आहे. एक ३२ बिटचा अनसाइन्ड काउंटर ठेवा, नाव देऊ एन, दर सॅम्पलला एकने वाढतो, फ्रिक्वेन्सी बदलली तरी त्याला कधीही शून्य करायचं नाही. ॲक्युम्युलेटरमध्ये दर सॅम्पलला जो आकडा मिळवतो त्याला ट्यूनिंग वर्ड म्हणू. फ्रिक्वेन्सी बदलताना ॲक्युम्युलेटर = एन × नवीन ट्यूनिंग वर्ड, खालचे ३२ बिट ठेवायचे, आणि पुढे नेहमीसारखं मिळवत जायचं. झालं. गुणाकार फक्त बदलताना एकदाच, म्हणून ८ बिटच्या कंट्रोलरलाही जड नाही. काउंटर भरून शून्यावर आला तर काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, ४८ किलोहर्ट्झला तो जवळजवळ २५ तासांनी भरतो, आणि भरला तरी काही बिघडत नाही, २ चा ३२ वा घात गुणिले कुठलाही पूर्णांक घ्या, खालचे ३२ बिट शून्यच येतात. फक्त साइन्ड इंटिजर वापरू नका, सी मध्ये साइन्ड ओव्हरफ्लोची काहीच हमी नसते.

याच जागी अजून दोन बग हमखास सापडतात. एक, वेळ फ्लोटमध्ये ठेवणं. साइन ऑफ दोन पाय एफ टी असं सरळ लिहायचं आणि टी म्हणजे फ्लोट काउंटर भागिले सॅम्पल रेट. फ्लोटला २४ बिटचीच नेमकी जागा असते, काउंटर १,६७,७७,२१६ ला पोचला की त्यात एक मिळवलं तरी तो तेवढाच राहतो. ४८ किलोहर्ट्झला हे ५ मिनिटं साडेएकोणपन्नास सेकंदांनी होतं आणि टोन गोठतो. "सर, पाच-सहा मिनिटं छान चालतं मग बंद पडतं" असं कोणी सांगितलं की मी आधी फ्लोट शोधतो. उनोवर डबल लिहून सुटका नाही, तिथे डबलही ४ बाइटचाच असतो. दुसरा बग, ८ बिटच्या कंट्रोलरवर ३२ बिटचा ट्यूनिंग वर्ड मेन लूपमधून बदलणं. चार बाइट एकेक करून लिहिले जातात, मध्येच सॅम्पलचा इंटरप्ट आला तर त्याला दोन बाइट नवीन आणि दोन जुने मिळतात, एका सॅम्पलपुरती भलतीच फ्रिक्वेन्सी, आणि ॲक्युम्युलेटर कायमचा भलतीकडे. हजारात एखाद्या वेळी होतं म्हणून सापडत नाही. लिहिताना इंटरप्ट बंद करा, लिहून झालं की चालू करा.

आता प्रश्न येतोच, कोहेरंट केलं तर झटका परत आला की! हो, येणारच. कुठल्याही क्षणी उडी मारली तर १ किलोहर्ट्झची वेव्ह एका जागी आणि १० ची दुसऱ्या जागी असते, दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. पण दोघी ठरावीक वेळांना एकाच फेजला भेटतात, फरक ९००० हर्ट्झ म्हणजे दर १११ मायक्रोसेकंदांनी, आणि दर पूर्ण मिलिसेकंदाला तर दोघी शून्यावरून वर चढत असतात. बदल फक्त त्या क्षणी करायचा. फ्रिक्वेन्सी अशा सोयीच्या नसतील तर ॲम्प्लिट्यूड एक मिलिसेकंदात शून्यावर उतरवा, बदला, परत चढवा.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. एडी ९८३३ काढली, तिच्यात दोष होता म्हणून नाही, आम्हाला दोनच ठरावीक फ्रिक्वेन्सी हव्या होत्या म्हणून. एसटीएम ३२ कंट्रोलरचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) २०० किलोहर्ट्झवर, २०० आकड्यांचं एक साइन टेबल. १ किलोहर्ट्झला टेबलात एकेक पाऊल, १० ला दहा-दहा पावलं, राउंडिंगला जागाच नाही. एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ट्रिगर त्याच टायमरवर, आणि फ्रिक्वेन्सी बदलायची ती पूर्ण मिलिसेकंद भरून टेबल पहिल्या आकड्यावर आलं तरच. त्याशिवाय एक्सायटेशनचा, म्हणजे पहिल्या कॉइलला दिलेला, सिग्नलसुद्धा दुसऱ्या एडीसीवर त्याच क्षणी मोजतो आणि दोघांच्या फेजची वजाबाकी घेतो, म्हणजे ड्रायव्हर गरम होऊन थोडा सरकला तरी रीडिंगवर येत नाही. तुमच्याकडे बोर्ड बदलायची सोय नसेल तर हे शेवटचं तरी नक्की करा, एका बर्स्टपुरतं जनरेटर कोहेरंट आहे का नाही याची चिंताच मिटते.

ज्यांना कोहेरंट नकोच आहे त्यांनी उगाच यात पडू नका. डब्ल्यूएसपीआर (अगदी कमी पॉवरचे रेडिओ संदेश) पाठवणारे हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले मित्र आहेत, तिथे १.४६ हर्ट्झ अंतरावरचे चार टोन आणि १६२ सिम्बॉल, जवळजवळ १११ सेकंद. तिथे फेज तुटू नये एवढंच हवं, तुटला तर सिग्नल आजूबाजूला पसरतो आणि शेजारच्याला त्रास होतो. एडी ९८५० वापरत असाल तर ४० बिट भरून फक्त एफक्यू-यूडीची पल्स द्या, दर टोनला रीसेट पिन हलवू नका, तेवढंच पुरे. एन गुणिले ट्यूनिंग वर्ड तिथे लावलंत तर उलट सिम्बॉलची वेळ जरा हलली की वेव्ह तुटू शकते.

नवीन बोर्डवर तीच पर्सिस्टन्सची टेस्ट लावून आम्ही जेवायला गेलो होतो, पाऊण तासाने परत आलो तेव्हा स्कोपवर एकच रेघ होती. मग ड्रायव्हरवर हेअर ड्रायर धरला, रेघ थोडी जाड झाली, वजाबाकीचा आकडा मात्र जागचा हलला नाही.